ट्राबांट पुठ्ठ्याची नव्हती

मागील अंकातील पत्रात पूर्व जर्मनीच्या ट्राबांटला ‘पुठ्ठ्याची गाडी’ म्हणून निकालात काढले आहे. ते वस्तुस्थितीला धरून नाही. तिचा सांगाडा पोलादीच होता. बाहेरचे आवरण मात्र ड्युरोप्लास्ट या टणक प्लास्टिकचे. पोलादी पत्र्याची चणचण असल्याने त्स्विकाऊच्या कारखान्यात टाकाऊ सोव्हिएत कापसाच्या थरांवर फिनॉल राळेची पूड पेरून, ते गरम साच्यात दाबून मडगार्ड, छप्पर घडवत. हे भाग गंजत नसत. धूर ओकणारे टू-स्ट्रोक इंजिन आणि गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, हे दोष खरेच. पण ते सरकारी नियोजनाचे, कामगारांच्या कसबाचे नव्हेत. १९५७ ते १९९१ या काळात सुमारे ३० लाख ट्राबांट तयार झाल्या. टीका जरूर व्हावी, पण माहिती तपासून.

– एक वाचक, पुणे