आपला तो बाब्या?



युनियनच्या कचेरीत तक्रार घेऊन माणूस आला की आम्ही पहिला प्रश्न कोणता विचारतो? "काय झाले?" हा नव्हे. "कोणाविरुद्ध आहे?" हा. नाव कळले की आमचे अर्धे मत तिथेच तयार होते. उरलेले अर्धे चहा येईपर्यंत. भेदभावाच्या तक्रारीत तर हे हटकून घडते आणि त्यात आम्ही स्वतः दोषी आहोत, म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

२०२१ साली दुसऱ्या युनियनच्या एका पदाधिकाऱ्याने आपल्या हाताखालच्या दलित हेल्परला जातीवरून बोलल्याची तक्रार आमच्याकडे आली. त्याच संध्याकाळी आम्ही गेटसभा घेतली आणि रातोरात पत्रक छापले. पुरावा आम्ही मागितला नाही. मागायचे सुचलेसुद्धा नाही.

२०२३ साली तशीच तक्रार आमच्याच शाखेच्या खजिनदारांविरुद्ध आली. डब्यांच्या देखभालीच्या डेपोत ते सिनियर टेक्निशियन, आणि रोजचे काम वाटून देणे त्यांच्याकडे. डब्याखालची बायो-टॉयलेटची टाकी तुंबली की ती मोकळी करायला दर वेळी एकाच हेल्परचे नाव लागते, आणि तो कोणत्या जातीचा आहे म्हणून लागते हे सर्वांना ठाऊक आहे, असे त्या हेल्परने लिहून दिले होते. चहाचा त्याचा कपही वेगळा होता. या वेळी आम्ही काय म्हणालो? "आधी पुरावा आण." आणि नंतर, "घरातले भांडण बाहेर कशाला नेतोस?"

आमच्या खजिनदारांविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल की माणूस वाईट होता. त्यांचे वडील १९७४ च्या मे महिन्यातल्या संपात तुरुंगात गेलेले. खजिनदारांनी वीस वर्षांत वर्गणीचा एक पैसा इकडचा तिकडे केला नाही. आमच्या घरात आजारपण आले तेव्हा रात्री दोन वाजता गाडी घेऊन दारात उभे राहिले ते हेच. अशा माणसाविरुद्ध कागद हातात आला की तो वाचताना डोळ्यांपुढे अक्षरे येत नाहीत, ती रात्र येते. निष्ठा वाईट नाही. निष्ठेवाचून एक दिवस युनियन चालणार नाही. पण त्या रात्रीच्या गाडीचे भाडे आम्ही त्या हेल्परच्या खिशातून द्यायला निघालो होतो.

आम्ही तिघे पदाधिकारी त्याच्या क्वार्टरवर गेलो, तक्रार मागे घे म्हणून सांगायला. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिले आणि एवढेच विचारले, "दादा, तुम्ही कामवाटपाची वही बघितली का?"

बघितली नव्हती. डेपोतली ती वही कोणालाही उघडता येते. आम्हाला ती उघडायला आठ दिवस लागले. तीन महिन्यांच्या पानांवर टाकीचे काम २६ वेळा निघाले होते. त्यात २१ वेळा एकच नाव. हेल्पर होते सात. खाली सुपरवायझरची सही रोजच्या रोज, न वाचता केलेली. खजिनदारांना विचारले तेव्हा ते चिडले नाहीत, अगदी सरळपणे म्हणाले, "बाकीचे कुरकुर करतात हो. हा काही बोलत नाही, म्हणून लावतो." त्यांना यात जात दिसतच नव्हती. तोपर्यंत आम्हालाही कुठे दिसली होती?

हा रोग आजचा नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ नको होता. त्या खात्यात पगार जास्त. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. विटाळ पाळणारे मालक नव्हते, आपलेच कामगार बंधू होते. पुढे १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. हे आपण सभांतून पुष्कळदा ऐकतो. त्याच भाषणात त्यांनी आपल्या रेल्वेचे एक उदाहरण दिले, ते मात्र कोणी सांगत नाही. अस्पृश्य कामगार गॅंगमन म्हणून लागतो आणि गॅंगमनच राहतो, त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते. गॅंगमनचा आता ट्रॅक मेंटेनर झाला. पाटी बदलली की मनही बदलते, असे कोणी समजू नये.

महाराष्ट्राबाहेर इटारसी, भोपाळ, सिकंदराबाद अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या मराठी बंधूंना हे वेगळे समजावून सांगायला नको. तिथे आपला माणूस तक्रार घेऊन जातो तेव्हा "हा बाहेरचा, तो आपला" हे गणित त्याच्याविरुद्ध मांडले गेल्याचे त्यांनी अनुभवले असेल. तेच गणित आपण नाशिक-नागपूरकडे बदलून आलेल्या बिहारी पॉइंट्समनवर मांडतो.

काही साथी म्हणतात, अशा तक्रारींचा फायदा प्रशासन घेते, युनियन फोडते. घेतेच. पण तक्रारदार युनियनकडून रिकाम्या हाताने परतला की तो जाणार कुठे? त्याला साहेबाच्या दारात आम्हीच पोचवतो. खोट्या तक्रारीही होतात, हे आम्ही नाकारत नाही. तिथेही उत्तर एकच, चौकशी होऊ द्या. तक्रार मागे घ्यायला लावलेला आरोपी कधी निर्दोष ठरत नाही, नुसता सुटतो.

आम्ही वकील नाही, मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे आहोत. पण नियम वाचता येतात. रेल्वे सेवक शिस्त व अपील नियम, १९६८ प्रमाणे चौकशीला सामोरे जाणाऱ्याला बचावासाठी सहकारी किंवा युनियनचा पदाधिकारी घेता येतो. टपाल खात्यातल्या साथींना १९६५ च्या नियमांखाली सहकारी कर्मचारी घेता येतो. हा हक्क लढून टिकवला पाहिजे, आरोपी आपला असो की दुसऱ्यांचा. परंतु त्या चौकशीत तक्रारदार कोण असतो? नुसता साक्षीदार. त्याला मदतनीस नाही, त्याची उलटतपासणी मात्र होते. आता युनियनही आरोपीच्या बाजूला जाऊन बसली तर त्या खोलीत त्या माणसाचे कोण उरले?

कायद्याने ही गोष्ट केव्हाच ओळखली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा निकालात महिलांच्या तक्रारींसाठी समिती सांगितली, तेव्हा वरून दबाव येऊ नये म्हणून तीत बाहेरची व्यक्ती घ्यायला लावली. २०१३ च्या कायद्यानेही समितीत बाहेरचा सदस्य ठेवला. कशासाठी? एकाच कचेरीत वर्षानुवर्षे डबे एकत्र उघडणारी माणसे एकमेकांचा न्याय करू शकत नाहीत म्हणून. आम्ही मात्र शाखेच्या बैठकीत आरोपीला शेजारी बसवून "चर्चा" करत होतो.

शेवटी आमच्या शाखेने ठराव केला. ज्या पदाधिकाऱ्याचे दोन्हीपैकी कोणाशीही नाते, गाव, जात किंवा जुनी दोस्ती असेल त्याने त्या प्रकरणात बसायचे नाही. आरोपीला एक माणूस द्यायचा, तक्रारदाराला दुसरा, आणि दोघांनी एकमेकांचे कागद बघायचे नाहीत. तक्रार मागे घे म्हणून कोणाच्या घरी जायचे नाही. ठरावाला विरोध झाला, पुष्कळ झाला. गुप्त मतदान तोंडावर असताना आपल्याच पायावर धोंडा का, असे एक ज्येष्ठ साथी उभे राहून म्हणाले. ठराव चार मतांनी पास झाला. पहिला लागू झाला तो आम्हालाच. त्या प्रकरणातून आम्ही बाहेर झालो.

खजिनदारांना मेमो मिळाला. लेखी उत्तर तयार करायला दुसऱ्या शाखेतला जाणकार माणूस आम्ही दिला. टाकीच्या कामाची पाळी आता फलकावर लागते, सातही नावांची. कपाचे काय झाले ते विचारले, तर आता सगळेच कागदी कप वापरतात असे कळले. याला सुधारणा म्हणावे की पळवाट, आम्हाला ठरवता आलेले नाही.

२०२४ च्या डिसेंबरात मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले. त्या हेल्परने मत कोणाला दिले ते आम्ही विचारले नाही. खजिनदारांनी पद सोडले, ते अजून आमच्याशी बोलत नाहीत. वर्गणी मात्र दर महिन्याला वेळेवर देतात.