लग्नापर्यंत थांबू नका

डोंगरकड्याहून एका बहिणीने विचारले आहे, "धाकटीची डावी पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली असते. सासूबाई म्हणतात, ग्रहणात मी भाजी चिरली म्हणून. लग्नाच्या वेळी ऑपरेशन करू, असे घरात ठरते आहे. थांबावे का?"

ताई, आधी मनावरचे ओझे उतरवा. विळीचा नि ग्रहणाचा इथे काही एक संबंध नाही. पापणी वर उचलणारा छोटासा स्नायू काही बाळांत गर्भातच नीट घडत नाही, इतकेच. यात तुमचा दोष नाही.

पण थांबू मात्र नका! प्रश्न रूपाचा नंतर, आधी नजरेचा आहे. मेंदू पाहायला शिकतो तो पहिल्या सात-आठ वर्षांत. पापणीने बाहुली झाकली, किंवा पापणीच्या दाबाने डोळ्याला तिरकस नंबर आला, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्षच करू लागतो. मग विसाव्या वर्षी पापणी उचलली, तरी गेलेली नजर परत येईलच असे नाही.

मुलगी हनुवटी वर करून, भुवया ताणून बघते का? दूध पिताना, चावताना पापणी उडते का? हे पाहून ठेवा नि डॉक्टरांना सांगा.

बाहुली झाकलेली असेल, तर शस्त्रक्रिया तान्हेपणीही करतात. नसेल, तर साधारण 3 ते 5 वर्षांच्या वयात. स्नायूत बऱ्यापैकी जोर असला, तर तोच आखूड करतात. जोर अगदी कमी असला, तर सिलिकॉनच्या दोरीने किंवा मांडीतल्या पडद्याच्या पट्टीने पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात. मग मूल भुवई उचलून पापणी उघडते. लहान मुलांना यासाठी पूर्ण भूल देतात.

नंतर काही दिवस, कधी कायमही, झोपेत डोळा थोडा उघडा राहतो. घाबरू नका, पण सांगितलेले थेंब नि रात्रीचे मलम चुकवू नका. चष्मा लागला तर लावा; चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायला सांगितली, तर मुलगी रडली तरी बांधा. काही मुलांना पुढे दुसऱ्यांदाही शस्त्रक्रिया लागते.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांना मुलगी दाखवा. किंवा सरळ नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभाग गाठा.

आणि हो, जन्मतः ठीक असलेली पापणी अचानक पडली, तर ती गोष्ट वेगळी. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

सासूबाईंना एवढेच सांगा, लग्नाला अवकाश आहे. पाटीवरची अक्षरे तिला आजच दिसायला हवीत.