खुन्याचं नाव पाठ, मेलेल्याचं काय?

गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५ साली, नेटफ्लिक्सवर एड गीनच्या आयुष्यावरची मालिका आली. त्यानंतर कितीतरी दिवस ओळखीतल्या तरुण मुलांच्या तोंडी हेच नाव होतं. तो कुठे राहायचा, आईशी त्याचं नातं कसं होतं, घरात पोलिसांना काय सापडलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, ‘त्याने मारलं कुणाला?’ उत्तर कुणालाच देता आलं नाही.

दोष या मुलांचा नाही. साठ-पासष्ट वर्षं सिनेमाने आपल्याला असंच शिकवलं आहे. खऱ्या खुन्यांवरून भयपटांचे खलनायक कसे घडले, यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला त्या घडण्यातून काय गळून गेलं, याविषयी बोलायचं आहे.

आधी एड गीनचंच प्रकरण पाहू. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात प्लेनफिल्ड नावाचं काहीशे वस्तीचं गाव आहे. गीन तिथला एक बुजरा शेतकरी. वडील आणि भाऊ आधीच वारलेले, १९४५ साली आईही गेली आणि मोठ्या घरात तो एकटाच उरला. गावात पडेल ती कामं करायचा, शेजाऱ्यांची मुलंही सांभाळायचा. डिसेंबर १९५४मध्ये जवळच गुत्ता चालवणारी मेरी होगन नाहीशी झाली. तिचा विषय निघाला की गीन म्हणायचा, ‘ती कुठे हरवलीय? माझ्या घरीच आहे.’ लोक हसायचे आणि सोडून द्यायचे.

१६ नोव्हेंबर १९५७ हा हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. गावातले बहुतेक पुरुष रानात गेलेले. हार्डवेअरचं दुकान चालवणारी बर्निस वर्डेन त्या दिवशी दुकानातून गायब झाली. तिचा मुलगा डेप्युटी शेरीफ होता. त्याला दुकानात रक्त दिसलं आणि एक पावती सापडली. अँटीफ्रीझची, म्हणजे थंडीत गाडीचं पाणी गोठू नये म्हणून घालतात त्या द्रवाची. ते न्यायला गीन येणार होता, हे मुलाला आठवलं. त्याच संध्याकाळी पोलीस गीनच्या घरी पोचले.

म्हणजे बर्निस वर्डेनने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या शेवटच्या पावतीने तिचा खुनी पकडून दिला. एखाद्या पटकथाकाराला यापेक्षा जास्त काय हवं? पण सिनेमाने गीनच्या घरातून हवं ते उचललं, आणि ही पावती व ही बाई तिथेच सोडून दिली.

गीनने कबूल केलेले खून दोनच. बाकी त्याने कबरी उकरल्या, प्रेतांची विटंबना केली. पुढे त्याला मनोरुग्ण ठरवण्यात आलं आणि १९८४मध्ये मनोरुग्णालयातच तो मेला. त्याचा बाजार मात्र अटकेनंतर काही महिन्यांतच सुरू झाला होता. त्याची मोटार लिलावात ७६० डॉलरना विकली गेली आणि घेणाऱ्याने ती जत्रेत मांडून पंचवीस-पंचवीस सेंटला लोकांना दाखवली. पुढे सिनेमाने जे केलं त्याची ही रंगीत तालीमच म्हणायची.

त्या काळात रॉबर्ट ब्लॉक नावाचा लेखक प्लेनफिल्डपासून पन्नास-साठ किलोमीटरवर राहत होता. छोट्या गावात, जिथे प्रत्येकाला प्रत्येकाची खबर असते, तिथे असा माणूस कुणाला कळलाच नाही, या एका गोष्टीने त्याला पछाडलं. १९५९मध्ये त्याची ‘सायको’ कादंबरी आली, १९६०मध्ये हिचकॉकचा सिनेमा. सिनेमातला नॉर्मन बेट्स अंगाने सडसडीत, बोलायला गोड, पाहुण्यांना सँडविच देणारा पोरगा आहे. आणि जिचा खून होतो त्या मॅरियनला स्वतःची गोष्ट आहे. तिने पैसे चोरलेत, ती घाबरलीय, पैसे परत करायचं तिने मनाशी ठरवलंय. ती मरते तेव्हा एक माणूस मेल्याचं आपल्याला जाणवतं.

चौदा वर्षांनी ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’ आला. ही खरी घटना आहे, असा त्याचा प्रचार झाला. वास्तविक गीन टेक्ससचा नव्हता आणि त्याने करवत चालवलीच नाही. दिग्दर्शक टोबी हूपरने पुढे सांगितलं, की नाताळच्या गर्दीत तो एका हार्डवेअरच्या दुकानात अडकला होता आणि समोरची करवत पाहून त्याला ती कल्पना सुचली. गीन प्रकरणातून त्याने घेतला तो मानवी कातड्याचा मुखवटा. मग १९७८च्या ‘हॅलोवीन’मध्येही मुखवटा आला, पुढच्यांनी तोच कित्ता गिरवला. शेजारचा बुजरा माणूस जाऊन त्याच्या जागी न बोलणारा, न मरणारा राक्षस आला, आणि मरणारी माणसं मोजण्यापुरती उरली.

हा बदल मला साधा वाटत नाही. प्लेनफिल्डच्या लोकांना गीन कळला नाही, कारण तो त्यांच्यासारखाच दिसत होता. मुखवटा प्रेक्षकाची यातून सोय करतो. खुनी दिसायलाच वेगळा असेल, तर ‘माझ्या ओळखीतला, माझ्या जातकुळीतला माणूस असं करूच शकत नाही’ असं म्हणत निवांत झोपता येतं.

आणि हा वेगळेपणा कुणाच्या तरी अंगावर टाकावा लागतो. १९९१च्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मधला बफेलो बिल अनेक खऱ्या गुन्हेगारांच्या तुकड्यांचा बनला आहे. कातडीचा सोस गीनचा, हाताला खोटं प्लास्टर बांधून बायकांकडे मदत मागायची युक्ती टेड बंडीची, तळघरातला खड्डा गॅरी हायडनिकचा. पण पडद्यावर लक्षात राहतो तो बाईचे कपडे घालून आरशासमोर नाचणारा पुरुष. हा माणूस खऱ्या अर्थाने तृतीयपंथी नाही, असं सिनेमातच एक पात्र सांगतं. ते वाक्य विसरलं गेलं, नाच राहिला. १९९२च्या ऑस्कर सोहळ्याबाहेर समलैंगिकांच्या संघटनांनी निदर्शनं केली, त्यामागे हाही राग होता. खलनायकाला एखाद्या समूहाचा वेश चढवला की त्याची किंमत सिनेमागृहाबाहेर कोण मोजतं, हे माझ्या नावाच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत १९६५-६६मध्ये आणि पुन्हा १९६८मध्ये रामन राघवने फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना ठेचून मारलं. ऑगस्ट १९६८मध्ये तो पकडला गेला. फाशीची शिक्षा झाली, पण डॉक्टरांच्या तपासणीत स्किझोफ्रेनियाचा आजार निष्पन्न झाल्यावर ती जन्मठेपेवर आली आणि १९९५मध्ये तो पुण्यात मेला. त्याच्यावर १९९१मध्ये श्रीराम राघवन यांनी लघुपट केला. २०१६च्या ‘रमन राघव २.०’मध्ये अनुराग कश्यप यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की हा सिनेमा त्याच्यावर नाही. तरीही नाव त्याचंच घेतलं, कारण तेच नाव विकलं जातं. कबुली देण्याआधी त्याने पोलिसांकडे कोंबडीचं जेवण मागितलं, हा किस्सा मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. खुन्याने काय खाल्लं ते आपल्याला ठाऊक आहे. मेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव ठाऊक आहे का?

ऐंशीच्या दशकात शीव-किंग्ज सर्कल भागात फुटपाथवर एकट्या झोपलेल्या माणसांची डोकी दगडाने ठेचली गेली. तो खुनी कधी सापडलाच नाही, तरी त्याला ‘स्टोनमॅन’ असं नाव मिळालं आणि २००९मध्ये सिनेमाही. ज्यांची डोकी फुटली त्यांच्यातल्या अनेकांची साधी ओळखसुद्धा पटली नाही. ओळखायलाच कुणी नव्हतं.

याच्या शेजारी पुण्याचं प्रकरण ठेवून पाहा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात चार कला विद्यार्थ्यांनी पुण्यात दहा खून केले. १९८३मध्ये चौघे फासावर गेले. हे प्रकरण महाराष्ट्र कोणत्या नावाने ओळखतो? ‘जोशी-अभ्यंकर खून खटला’. मेलेल्यांच्या नावाने! त्या खुनांनी अख्खं शहर हादरलं, कारण ती आडनावं शहराला आपली वाटत होती. मेलेल्यांच्या नावाने खटला लक्षात ठेवणं आपल्याला जमतं, याचा हा पुरावा आहे. फुटपाथवरच्या माणसाच्या बाबतीत ते आपण केलं नाही, इतकंच. म्हणजे सिनेमाने जी नावं गाळली, ती आपण त्याच्या कितीतरी आधी गाळलेली होती.

यावर कुणी म्हणेल, मग असे सिनेमे काढूच नयेत का? मी तसं म्हणत नाही. बंदीची मागणी करणाऱ्यांत मी कधी नव्हतो. भयपट मी आवडीने पाहतो. हे वेगळ्या रीतीने करता येतं, हे फ्रिट्झ लांगने १९३१मध्येच जर्मनीत दाखवून दिलं होतं. पीटर क्युर्टेनच्या खुनांनी ड्युसेलडॉर्फ शहर हादरलेलं असतानाच्या काळात त्याने ‘एम’ काढला. त्यात मुलीचा खून दिसतच नाही. आई ताट मांडून जिन्याकडे पाहत हाका मारते. रिकामी खुर्ची दिसते, गवतात चेंडू घरंगळतो, तारांत अडकलेला फुगा दिसतो. रक्ताचा एक थेंब न दाखवता लांग सांगतो, की एका घरातलं एक माणूस कमी झालं आहे. आणि शेवटही खुन्यावर होत नाही, तो रडणाऱ्या आयांवर होतो.

उलट २०२२मध्ये जेफ्री डामरवरची मालिका आली, तेव्हा एका मृताच्या बहिणीने न्यायालयात फोडलेला हंबरडा त्यात जसाच्या तसा पुन्हा उभा केला गेला. तिला आधी कुणी विचारलंही नाही, असं तिनेच नंतर सांगितलं. तिच्या दुःखाचा प्रसंग झाला आणि खुन्याची कीर्ती अजून वाढली.

पुढच्या वेळी ‘सत्य घटनेवर आधारित’ असा फलक पडद्यावर आला, तर एवढंच विचारा : त्या सत्यातलं कोण यात आहे आणि कोण नाही? सिनेमा संपल्यावर खुन्याचं नाव शोधण्याआधी मेलेल्यांची नावं शोधा. गीनच्या बाबतीत सुरुवात सोपी आहे. दोनच नावं आहेत, मेरी होगन आणि बर्निस वर्डेन. शीवच्या फुटपाथवरची नावं शोधायला गेलात, तर मात्र बहुधा हात हलवत परत यावं लागेल. माझ्या लेखी भयपटाचा विषय तोच आहे.