रिकामी ठेवता येणारी जागा

नातेपुते ज्या माळशिरस विधानसभा मतदारसंघात मोडते, तो 2009 च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेथे कोणत्याही पक्षाची सरशी झाली, तरी राखीव जागेचा प्रतिनिधी विधानसभेत जाऊन बसतोच. ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारून ती जागा रिकामी ठेवण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही. विद्यापीठातील अधिव्याख्यात्याची, म्हणजे आजच्या परिभाषेत सहायक प्राध्यापकाची राखीव जागा मात्र याच शेऱ्यावर रिकामी ठेवता येते आणि पुढे ‘अनुशेष’ या नावाने ती वर्षानुवर्षे कागदावर जिवंत राहते. ज्या समाजातून आमदार मिळतो, त्याच समाजात पदवीच्या वर्गाला शिकविण्यास योग्य असा माणूस मिळू नये, ही गोष्ट सहजासहजी पटण्यासारखी नाही.

जात आणि सार्वजनिक धोरण हाच ज्या पदाचा विषय आहे, त्याच्याबाबत तर हा प्रश्न अधिकच बोचरा होतो. अमेरिकेतील विद्यापीठांत वंश आणि सार्वजनिक धोरण या विषयासाठी स्वतंत्र अध्यापक नेमले जातात. आपल्याकडे त्याच्या जवळपासचे काही असेल, तर ती अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने निघालेली सामाजिक वंचितता आणि समावेशक धोरण यांची अभ्यासकेंद्रे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही असे केंद्र सुरू झाले. सोलापूरला 2004 मध्ये स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये याच शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत होती. कल्पना उत्तम होती. पण पैसा योजनेचा, म्हणून पदेही योजनेची. बारावी योजना 31 मार्च 2017 रोजी संपत आली, तेव्हा या केंद्रांचे पुढे काय होणार, हा प्रश्न देशभर उभा राहिला. सरकारी धोरणाने कोणाचे भले झाले आणि कोण वगळले गेले, हे ज्याने निर्भीडपणे सांगावयाचे, त्याचाच पगार सरकारी मुदतवाढीवर अवलंबून! वाणिज्याच्या कायम अध्यापकाला मार्च महिना आला म्हणून आपल्या विषयाचे काय होणार, अशी काळजी करावी लागत नाही.

पद कायम असले, तरी ते कोणाच्या वाट्याला जावयाचे हे मुलाखतीच्या कितीतरी आधी, बिंदुनामावलीत ठरलेले असते. हा तक्ता दिसावयास कारकुनी असला, तरी त्यात केवढे राजकारण मावते हे कचेरीत काम करणाऱ्यांना सांगावयास नको. आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठ नव्हे, तर एकेक विभाग हा घटक धरावा, असा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिला आणि मार्च 2018 मध्ये अनुदान आयोगाने त्यानुसार विद्यापीठांना सूचना दिल्या. या हिशेबात पहिल्या तीन जागा खुल्या; चौथी इतर मागासवर्गीयांची, सातवी अनुसूचित जातींची, आणि अनुसूचित जमातींची पाळी थेट चौदाव्या जागेला. आपल्याकडे तीन-चार अध्यापकांचे विभागच अधिक. तेथे आरक्षण कायद्यात होते आणि हिशेबात नव्हते. देशभर ओरड झाल्यावर 2019 मध्ये आधी अध्यादेश आणि मग संसदेचा कायदा होऊन केंद्रीय संस्थांपुरती ही चूक दुरुस्त झाली; महाराष्ट्रानेही 2021 मध्ये त्या धर्तीचा कायदा केला.

माळशिरस तालुक्यात या हिशेबाचे मर्म चटकन ध्यानात यावे. येथे धनगर समाजाची वस्ती मोठी आहे. राज्यात या समाजाला भटक्या जमाती (क) या प्रवर्गात साडेतीन टक्के आरक्षण आहे. विभाग हाच घटक धरला, तर नुसत्या गणिताने सुमारे 29 जागांमागे एक जागा येते. आणि एवढ्या अध्यापकांचा विभाग आपल्या प्रादेशिक विद्यापीठांत शोधूनही सापडणे कठीण. सोलापूर विद्यापीठाला 2019 मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले, त्याचा आनंद या भागात झाला तो रास्तच होता. पण प्रवेशद्वारावरील नाव आणि हजेरीपटावरील नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर गुणवत्तेचा मुद्दा पुढे केला जातो. तो गंभीरपणेच घ्यावयास हवा. परंतु मग गुणवत्तेचे मोजमाप कोठे होते हेही पाहावे. अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीने उमेदवाराच्या पदव्या, संशोधन आणि अनुभव यांचे गुण केवळ मुलाखतीस बोलावण्यापुरते धरले; अंतिम निवड मात्र मुलाखतीतील कामगिरीवरच सोपविली. वीस वर्षांच्या अध्ययनाचा निकाल वीस मिनिटांत! अनुदानित महाविद्यालयांत तर वेतन शासन देते आणि निवडीच्या वेळी संस्थेचा शब्द वजनदार ठरतो. तेथे होणाऱ्या ‘व्यवहारां’ची चर्चा गावोगावच्या चहाच्या टपरीवर चालते, तिकडे गुणवत्तेचे कैवारी क्वचितच कान देतात.

उलट बाजूचा एक धोकाही नजरेआड करून चालणार नाही. जातीचा विषय आहे ना, मग तो दलित उमेदवारास द्यावा आणि अर्थशास्त्र, संख्याशास्त्र इतरांकडे ठेवावे, अशी एक सोयीस्कर वाटणी अनेक विभागांच्या मनात असते. डॉ. आंबेडकरांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. जातीचे मूळ कातडीच्या रंगात शोधणाऱ्या युरोपीय अभ्यासकांशी असलेला मतभेद त्यांनी त्यात नोंदविला होता. तरीही नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली ती राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून. सामाईक भांड्यातील पाणी त्यांनी प्यावे, यास तेथील काही सहकाऱ्यांनीच हरकत घेतली होती. म्हणजे विषय कोणताही असो, जातीचा प्रश्न अध्यापकांच्या खोलीत हजर होताच. तेव्हा जात आणि धोरण शिकविण्याच्या पदासाठी जन्म ही पात्रता मानू नये, आणि अन्य विभागांनीही या एका पदाकडे बोट दाखवून आपली बिंदुनामावली मिटवून ठेवू नये.

आणखी एक विसंगती आहे. जागा रिकामी राहिली तरी तिचे तास रिकामे राहत नाहीत. ते तासिका तत्त्वावरील अध्यापक घेतात. नेट उत्तीर्ण झालेला, डॉक्टरेट मिळविलेला तरुण जून ते मार्च हाच विषय शिकवितो, उत्तरपत्रिका तपासतो. त्याच जागेच्या मुलाखतीत मात्र तो अयोग्य ठरू शकतो, आणि पुन्हा जूनमध्ये त्यालाच वर्गावर बोलावले जाऊ शकते. अशा वेळी समितीने प्रत्येक उमेदवाराचे गुण आणि नकाराचे कारण लेखी दिले पाहिजे, आणि रिकामी ठेवलेली जागा पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या आत पुन्हा जाहिरातीत आली पाहिजे. जात व धोरण या विषयाची पदे योजनेतून काढून विद्यापीठाच्या कायम आस्थापनेवर घ्यावयास हवीत. यास खर्च येईल, अशी हरकत वित्त विभाग घेईल. राज्यातील रिक्त पदांवर आजवर वाचलेल्या वेतनाचा हिशेब त्याच विभागाकडे आहे. तो त्याने आधी सभागृहापुढे ठेवावा.