घरात काय आहे?

बदली ही बँक कर्मचाऱ्याच्या पाचवीलाच पुजलेली असते. १९९७ च्या नोव्हेंबरात माझी पुण्याहून दिल्लीला बदली झाली, तेव्हा मुलगा दहावीत होता. साहजिकच कुटुंब पुण्यात राहिले आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, पटपडगंजमधील दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, मी आयुष्यात प्रथमच स्वयंपाकघराचा प्रभार स्वीकारला. सोबत पत्नीने बांधून दिलेले तीन डबे होते. एकात थालीपिठाची भाजणी, दुसऱ्यात गोडा मसाला आणि तिसऱ्यात आमसुले. लाखालाखांच्या कर्जप्रस्तावांवर सही करणारा मी त्या तीन डब्यांपुढे अगदी उमेदवारी करणारा कारकून होतो.

रात्री एस.टी.डी.चे दर उतरले की मी कोपऱ्यावरच्या बूथवरून पुण्याला फोन करीत असे. पहिल्या आठवड्यात माझा प्रश्न ठरलेला असे, "अगं, भरली वांगी कशी करतात?" किंवा "मसालेभाताला काय काय लागतं?" तिचे उत्तरही ठरलेले असे. ती म्हणे, "ते राहू द्या. आधी घरात काय आहे ते सांगा." मला याचा राग येई. मी पदार्थ विचारतो आहे आणि ही यादी मागते आहे! पुढे कळले, की मी चुकीच्या टोकाने सुरुवात करीत होतो. आधी पदार्थ ठरवून मग सामानाच्या मागे धावणे हा समारंभाचा स्वयंपाक झाला. रोजचा स्वयंपाक शिलकेपासून सुरू होतो.

'शिल्लक' हा शब्द आपण पासबुकातही वापरतो आणि पातेल्यातल्या भातालाही. दोन्हीकडे नियम एकच आहे. खर्च ठरवण्यापूर्वी शिल्लक पाहावी. खातेदारांना हे सांगण्यात माझी हयात गेली. घरात तोच नियम रोज दोन वेळा पाळला जात होता आणि तो पाळणारी व्यक्ती कोण आहे, याकडे मात्र माझे वीस वर्षे लक्ष गेले नव्हते.

दिल्लीच्या मंडईने माझी पहिली फजिती केली ती भाषेवरून. भाजीवाल्याकडे मी सीताफळ मागितले, तर त्याने लाल भोपळ्याची भली मोठी फोड कापून हातात ठेवली. दिल्लीत 'सीताफल' म्हणजे लाल भोपळा आणि आपले सीताफळ म्हणजे 'शरीफा', हे ज्ञान मला पाव किलोच्या ऐवजी दीड किलोच्या हिशेबाने मिळाले. त्या रात्री फोनवरून आलेल्या सूचनांनुसार अर्ध्या फोडीचे दही घालून भरीत झाले. उरलेली फोड किसून, गुळात शिजवून, कणकेत मळून तिचे घारगे झाले. फजिती दोन दिवस पुरली आणि शेजाऱ्यांनाही आवडली.

दुसरा प्रसंग अधिक शिकवणारा होता. थंडीत शेजारच्या पंजाबी भाभींनी बथुआची जुडी दिली. हे गवत माणसे खातात, यावर माझा विश्वास बसेना. फोनवर मी पानांचे वर्णन केले : कातरलेल्या कडांची पाने, मागच्या बाजूला पांढुरकी भुकटी. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "अहो, तो चाकवत! ताक आहे का घरात? डाळीचं पीठ? मग झालं." ज्याला मी परदेशी समजत होतो तो माझ्या लहानपणीच्या ताटातला, ताकात शिजवलेला, शेंगदाणे घातलेला चाकवत निघाला. भाभी त्याचे पराठे आणि रायते करीत, आम्ही पातळ भाजी करतो. पाला एकच, फोडणी निराळी. पुढे तोरी म्हणजे घोसाळे आणि टिंडा म्हणजे ढेमसे, हेही उमगले. परगावी आपल्याकडचे काही मिळत नाही, ही तक्रार पुष्कळदा नाव ओळखू न आल्याची तक्रार असते.

माझे मत असे आहे, की हाताशी असलेल्या जिनसांतून जेवण उभे करणे ही नाइलाजाची तडजोड नसून स्वतंत्र विद्या आहे, आणि तिचा पाया जिनसाच्या नावात नसून कामात आहे. शाखेत रोखपाल रजेवर गेला म्हणून रोखीचा व्यवहार बंद पडत नाही. ते काम जाणणारा दुसरा कोणी त्या खिडकीत बसतो. स्वयंपाकातही तसेच आहे. आमसूल संपले तर आंबटपणाची खिडकी कोण सांभाळील, एवढेच पाहायचे. चिंच, दही, लिंबू आणि उत्तरेत घरोघरी असणारा आमचूर हे सारे त्या कामाचे जाणकार. मात्र प्रत्येकाची रीत वेगळी. चिंचेला उकळी लागते, लिंबू आणि आमचूर शेवटी घालावेत, दही शिजवायचे तर त्यात चमचाभर बेसन घुसळून घ्यावे म्हणजे ते फाटत नाही. रस दाट करण्याचे काम दाण्याचे कूट करते, बेसन करते, शिजवून घोटलेला लाल भोपळाही करतो.

आपल्या जुन्या स्वयंपाकात ही विद्या ठासून भरलेली आहे. मूठभर पालेभाजीत माणसे जास्त असली की पीठ पेरावे. सकाळची आमटी उरली की तिला पाणी घालून उकळी आणावी आणि कणकेचे तुकडे सोडून चकोल्या कराव्यात. पोळ्या उरल्या की कुस्करून फोडणीला टाकाव्यात. दोडक्याच्या शिरांची चटणी करावी, मुळ्याचा पाला कोरड्या भाजीला ठेवावा. शेजारच्या भाभी रात्रीची डाळ सकाळी कणकेत मळून पराठे लाटीत, मी उरलेली आमटी भाजणीत मळून थालीपीठ थापू लागलो. दोघांनाही कोणी शिकवणी लावली नव्हती. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये आले आणि त्यातील वाटी-चमच्याच्या मापांनी कित्येक नवख्यांना धीर दिला. माझ्याजवळही त्याची प्रत होती. परंतु पुस्तक पदार्थाची कृती सांगते. 'अर्धी जुडी मेथी, दोन बटाटे आणि कालचा भात आहे, तर आज काय?' हा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो.

ही विद्या टंचाईत अधिकच उपयोगी पडते. १९९८ च्या ऑक्टोबरात दिल्लीत कांद्याने डोळ्यांत पाणी आणले, तेही न चिरता. फोनवर मी गाऱ्हाणे मांडले, तर पत्नी म्हणाली, "चातुर्मास पाळतोय असं समजा." खरोखरच, कांदा-लसणावाचून चार महिने स्वयंपाक करणाऱ्या घरांना ही टंचाई कितीशी जाणवली असेल? कोबी, कोथिंबीर, हिंग आणि ओल्या आल्यावर आमचा महिना निघाला. पंचवीस वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, हाच प्रयोग टोमॅटोच्या बाबतीत करावा लागला. अतिवृष्टीने पुरवठा तुटला, यमुनेला पूर आला आणि दिल्लीतील किरकोळ बाजारात टोमॅटोचा भाव किलोला दोनशे रुपयांच्याही वर गेला. १४ जुलैपासून केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्राहक सहकारी महासंघामार्फत दिल्ली परिसरात ९० रुपये दराने टोमॅटो विकण्याची व्यवस्था केली. तेव्हा आम्ही नोएडात राहत होतो. चिंच, दही आणि भोपळा यांनी टोमॅटोची तिन्ही कामे वाटून घेतली : आंबटपणा, ओलावा आणि रंग. जेवताना कोणाच्या लक्षातही आले नाही.

आता थोडे आजच्याविषयी. माझा मुलगा गुरुग्रामला नोकरी करतो. त्याच्या घरी कोथिंबीर संपली तर मोबाइलवर बोट टेकवताच ती काही मिनिटांत दारात येते. वृद्धांना, आजाऱ्यांना, तान्ह्या मुलाच्या आईला ही सोय म्हणजे वरदान आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण एका संध्याकाळी मी शेजारी बसून पाहिले. कोथिंबीर हवी होती, पोचवण्याचा आकार वाचावा म्हणून तिच्याबरोबर चीज, सॉस आणि बिस्किटे आली, आणि फ्रीजमधली अर्धी फुलकोबी आणखी आत ढकलली गेली. चार दिवसांनी ती काळी पडून कचऱ्यात गेली. थोडे वाचवण्यासाठी पुष्कळ खर्च करणे हा व्यवहार कोणत्याही लेखापरीक्षकाने लाल शाईने खुणावला असता.

हा दोष एका घराचा नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. यात साली-देठांसारखे भागही धरले आहेत. परंतु साल आणि देठ यांना सरसकट कचरा म्हणावे का, हे दोडक्याच्या शिरांची चटणी खाल्लेल्याला विचारावे.

इथे दोन गोष्टी बजावून सांगितल्या पाहिजेत. पहिली आरोग्याची. काटकसर म्हणजे बिघडलेले पोटात ढकलणे नव्हे. दिल्लीच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. शिजवलेला भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर त्यातील जंतू विष तयार करतात आणि ते पुन्हा तापवल्यानेही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटलीत लवकर निववावा, तासा-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्याच दिवशी संपवावा. हिरवा पडलेला बटाटा आणि बुरशी आलेली पोळी यांच्याशी प्रयोग करू नयेत. बुडीत कर्ज ओळखून निर्लेखित करणे हीसुद्धा शहाणपणाची गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. दिल्लीत एकटा राहत असताना उरलेले मीच खात असे, कारण दुसरे कोणी नव्हते. सुमारे तीन आठवडे रोज सकाळी कालची पोळी खाल्ल्यानंतर माझ्या मनात विचार आला : पुण्याच्या आमच्या घरात पोळ्या उरत असत, पण माझ्या ताटात शिळी पोळी कधी आली होती? एकदाही नाही. मुलाच्याही नाही, माझ्या वडिलांच्याही नाही. मग ती जात कुठे होती? त्या रात्री मी फोनवर विचारले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "टाकवत नाही हो." एवढेच. त्या दोन-तीन शब्दांत वीस वर्षांचा हिशेब होता, आणि तो मी कधी तपासला नव्हता.

ज्या घराची बचत एकाच व्यक्तीच्या ताटातून होते, तिथे काटकसर नसते. तिथे एकाच खात्यातून वर्षानुवर्षे उचल चाललेली असते आणि ती कोणत्याही वहीत नोंदवली जात नाही. म्हणून उरलेल्याचा कल्पकतेने कायापालट करण्याचा खरा अर्थ मला तेव्हा कळला. शिळी पोळी तशीच राहिली तर ती एका व्यक्तीच्या वाट्याला जाते. तिला कांदा, हळद, मोहरीची फोडणी मिळाली, वर ओले खोबरे पडले, की ती सर्वांच्या बशीत जाते. कल्पकतेमुळे पैसा तर वाचतोच, पण वाटणीही न्याय्य होते.

पुढे मुलाची बारावी झाल्यावर कुटुंब दिल्लीला आले. तोवर स्वयंपाकघराचा प्रभार माझ्याकडून काढून घ्यावा, असा माझा कोणताही आग्रह उरला नव्हता. आठवड्यातील तीन रात्री माझ्याकडे राहिल्या, त्या आजतागायत आहेत. शनिवारी सकाळी आम्ही दोघे फ्रीज आणि डबे उघडून पाहतो, जे आधी संपवायला हवे ते पुढे आणतो आणि मगच बाजाराची यादी करतो. या कामाला पंधरा मिनिटे पुरतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा सोसायटीतील बरीच मंडळी धास्तावून दुकानाकडे धावली. आम्हाला मात्र घरात नेमके काय आणि किती दिवसांचे आहे, हे तोंडपाठ होते.

माझ्या सहकाऱ्यांना आणि खातेदार बंधुभगिनींना माझी विनंती आहे. मुलांना, विशेषतः मुलग्यांना, परगावी शिक्षणाला किंवा नोकरीला पाठवताना पदार्थांच्या कृतींची वही जरूर द्या. पण त्याआधी महिनाभर, आठवड्यातून एक संध्याकाळ, त्यांना बाजारात न पाठवता स्वयंपाकघरात उभे करा आणि जे आहे त्यातून चौघांचे जेवण करायला सांगा. पहिल्या वेळी मीठ कमी पडेल, दुसऱ्या वेळी पीठ करपेल. चौथ्या वेळी ते स्वतःच डबे उघडून पाहू लागतील. आणि जेवण झाल्यावर जे उरेल, ते दुसऱ्या दिवशी कोणाच्या ताटात जाते, हेही त्यांना पाहू द्या.

गेल्या महिन्यात नातीचा बंगळूरहून फोन आला. ती तिथे शिकायला आहे. "आजोबा, तुमच्यासारखी मुगाची खिचडी कशी करू?" मी काय उत्तर दिले असेल, हे वाचकांनी ओळखलेच असेल. मूग तिच्याकडे नव्हते. मसूर होती, एक गाजर होते आणि अर्धा नारळ होता. जेवण उत्तम झाले, असे तिने रात्री कळवले.