वांग्याच्या रोगाचा आधीं पंचनामा करावा

पालघर, बोईसर व तारापूर या टापूंत भातामागून वांगीं लावणाऱ्या बंधूंस आमची एक नम्र सूचना आहे. वांगें नासलेलें दिसतांच तो अळीचा प्रताप समजून औषध फवारण्याची घाई होते. परंतु निदानावांचून केलेला खर्च व्यर्थ होय.

अळीनें पोखरलेल्या फळास छिद्र असतें व आंत विष्ठा सांपडते. बुरशीजन्य फळकुजीचें लक्षण निराळें. प्रथम पानांवर वाटोळे, करड्या-तपकिरी रंगाचे ठिपके पडतात; त्यांचा मध्यभाग फिकट असतो. पुढें फळावर फिकट, खोलगट व मऊ डाग उमटून पसरतात. या डागांवर टाचणीच्या टोंकाएवढे काळे कण दिसले, म्हणजे फोमॉप्सिस बुरशीची खूण पटली. शेवटीं फळ वाळून काळें पडतें.

खरा प्रश्न बियाण्याचा आहे. ही बुरशी बियाण्यांतून व शेतांत राहिलेल्या काडीकचऱ्यांतून पुढील सालीं येते. म्हणूनच विक्रीस न लागलेलें फळ बियाण्यास ठेवण्याची कित्येकांची चाल घातक आहे. बियाण्याचें निरोगी फळ प्रथम निवडावें, मग बाजार पाहावा. रोगट फळें बांधावर न टाकतां खोल पुरावीं. बियाणें ५० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत ३० मिनिटें ठेवून सुकवावें. त्या जागीं ३ वर्षें वांगें लावूं नये. शंका राहिल्यास कोसबाडच्या कृषि विज्ञान केंद्रांत फळ दाखवावें.

चार वांग्यांच्या किमतीसाठीं पुढील सालचें पीक गहाण टाकणें हा शहाणा व्यवहार नव्हे.