बिल कोण भरणार, बॉस?

ऑफिसची पार्टी ठरतेय. हॉटेल ठरलं, मेनू ठरला, डीजेसुद्धा ठरला. इतक्यात एखादा हळूच विचारतो, 'बजेटच्या वर गेलं तर कोण भरणार?' झालं! सगळ्यांची तोंडं वाकडी. मूड ऑफ.

बोस्टनमध्ये हाच प्रश्न तीन तरुण नोकरदारांनी विचारला होता. आणि पार्टी कसली? तर 2024चं ऑलिंपिक!

जानेवारी 2015मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीनं आपला उमेदवार म्हणून बोस्टनला निवडलं. महापौर मार्टी वॉल्श खूश. बोली समितीचे अध्यक्ष जॉन फिश म्हणजे शहरातलं बांधकाम क्षेत्रातलं बडं प्रस्थ. महापौरांनी सही केलेल्या करारात तर एक भन्नाट अट होती. पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी ऑलिंपिकविरुद्ध ब्र काढायचा नाही! बोभाटा झाल्यावर ती काढावी लागली, ते सोडा.

मग बर्फ पडला. त्या हिवाळ्यात तब्बल नऊ फूट! 10 फेब्रुवारीला दिवसभर शहराची लोकल रेल्वे बंद. स्टेशनवर कुडकुडणाऱ्या माणसाला ऑलिंपिकची स्वप्नं कशी विकणार? बोस्टन परिसरातल्या मतदारांत जानेवारीत 51 टक्के पाठिंबा होता, मार्चमध्ये उरला 36.

ख्रिस डेम्प्सी, लियाम केर आणि केली गॉसेट ही ती तिघं. 'नो बोस्टन ऑलिंपिक्स' हे त्यांच्या गटाचं नाव. समोर कोट्यवधी डॉलरची बोली समिती, यांचा सगळा खर्च दहा हजार डॉलरच्या आत. खेळांना त्यांचा विरोध नव्हताच. त्यांचं बोट एकाच कलमावर होतं. खर्च फुगला, तर वरचे पैसे भरण्याची हमी यजमान शहरानं द्यायची. म्हणजे कोरा चेक, आणि तो वटणार करदात्याच्या खिशातून.

त्यात मूळ प्रस्तावातली काही माहिती लोकांसमोर आलीच नव्हती. नगरसेवक टिटो जॅक्सन यांनी समन्सची भाषा केली, तेव्हा जुलैत पूर्ण कागद बाहेर आले. तीनच दिवसांनी, 27 जुलैला, वॉल्श यांनी जाहीर केलं की शहराचं भविष्य गहाण टाकून मी ही हमी देणार नाही. त्याच दिवशी बोस्टनची बोली मागे घेतली गेली.

पुढे लॉस एंजेलिसनं हमी दिली आणि त्यांना 2028चं ऑलिंपिक मिळालं. चालायचंच. ज्याला परवडतं, त्यानं पार्टी द्यावी. पण बोस्टनकरांनी मेनूवर भाळण्याआधी बिल मागितलं, हे महत्त्वाचं. उद्या तुमच्या शहरात भव्यदिव्य काही येणार असं कळलं, तर टाळ्या जरूर वाजवा. फक्त त्याआधी एकदा विचारा, सही कोण करतोय आणि कुणाच्या पैशांवर?

आणि हो, पार्टीचं बजेट विचारणाऱ्या त्या कलीगला 'बोअर' म्हणू नका. बिचारा तुमचाच खिसा वाचवतोय!